यादीत दिसतो रंग, मागे असतो खाते नंबर



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या उधारीची यादी कॉम्प्युटरवर लाल-काळ्या रंगात आणली. दिसायला झकास दिसली. पण एक गोष्ट मी घाईत उरकली आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यात महत्त्वाची होती. यादीतल्या नावावर क्लिक केलं, तर हे नेमकं कुणाचं खातं आहे ते प्रोग्रामला कसं कळतं? तुम्ही म्हणाल, नाव समोर लिहिलेलं आहे की. मीही असंच म्हणायचो.

माझा उधारीचा पहिला प्रोग्राम मी स्वतः पायथनमध्ये लिहिला. शिक्षण बीबीएचं, कोडिंग सगळं यूट्यूबवर बघून शिकलेलो. यादीतल्या एका ओळीत गिऱ्हाइकाचं नाव, मग डॅश, मग बाकी रक्कम. ओळीवर क्लिक केलं की प्रोग्राम ती ओळ वाचायचा, डॅशवर तिचे दोन तुकडे करायचा, डावीकडच्या तुकड्याने खातं शोधायचा आणि जमा रक्कम तिथे टाकायचा. दोन महिने काही बिघडलं नाही. मी तर व्हिडिओ काढून लोकांना दाखवायच्या तयारीत होतो.

आता आपल्या अकोले तालुक्यातली आडनावं तुम्हाला माहीत आहेत. नवले, वाकचौरे, भांगरे, देशमुख... गावोगाव तीच घराणी, आणि नावं ठेवायची तीही देवांची. माझ्या यादीत वीरगावचे एक आणि कळसचे एक असे दोन गिऱ्हाईक होते. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही सारखं. वीरगावच्या गृहस्थांनी पैसे भरले, पावती घेतली आणि गेले. पैसे जमा झाले कळसच्या खात्यावर, कारण प्रोग्रामला त्या नावाचं पहिलं खातं तेच सापडलं. पंधरा दिवसांनी दुकानातल्या पोराने लाल नाव बघितलं आणि वीरगावला फोन लावला, की बाकी कधी देताय.

ते दुसऱ्या दिवशी दुकानात आले. भांडण काही केलं नाही. खिशातून पावती काढली, काउंटरवर ठेवली आणि "बघा" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून उधार घेणं बंद केलं. अजून येतात, पण रोखीने घेतात आणि पावती दोनदा वाचून मगच खिशात ठेवतात.

म्हणून आजचा लेख.

रोजकीर्दीतला खा. पा.

ज्यांनी कॉमर्स केलंय किंवा आजोबांच्या दुकानातली चोपडी बघितलीय, त्यांना रोजकीर्दीतला एक बारीक रकाना आठवत असेल: खा. पा., म्हणजे खाते पान. रोजकीर्दीत नाव लिहायचं, रक्कम लिहायची आणि त्या बारीक रकान्यात खतावणीतल्या पानाचा नंबर टाकायचा. गिऱ्हाइकाला तो रकाना कधी दिसायचा नाही, दिसला तरी त्याचं त्याला काही नसायचं. पण खतावणी करणारा दिवाणजी नाव वाचून खातं शोधत बसायचा नाही, तो पान नंबर बघायचा. सारख्या नावाचे चार जण असले तरी पान वेगवेगळं.

कॉम्प्युटरवरच्या यादीलाही असा न दिसणारा रकाना असतो. मी तो वापरलाच नव्हता. वापरायचा कसा ते आता बघू. कोड टाइप करायचा इंग्रजी अक्षरांतच. इथे मी उच्चार लिहितोय, म्हणजे व्हिडिओ बघताना कानाला ओळखीचा वाटेल.

आपण वापरतोय तो क्यूटी. पायथनमधून तो पायक्यूटी किंवा पायसाइड या नावाने वापरता येतो. दोन्हीत काम जवळजवळ सारखंच, फरक आहे लायसन्सचा. पायक्यूटी जीपीएलखाली मिळतो. त्यात बनवलेला प्रोग्राम विकायचा असेल तर कोड जीपीएलप्रमाणे खुला ठेवावा लागतो, नाहीतर पैसे भरून व्यावसायिक लायसन्स घ्यावं लागतं. पायसाइड एलजीपीएलखाली आहे, त्याच्या अटी सैल आहेत. फक्त स्वतःच्या दुकानात वापरणार असाल तर डोक्याला ताप नाही. पण उद्या हाच प्रोग्राम संगमनेरच्या चार दुकानदारांना विकायचा विचार असेल, तर पहिल्या दिवसापासून पायसाइड घ्या.

क्यूटीमध्ये यादीला क्यूलिस्टविजेट म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका ओळीला क्यूलिस्टविजेटआयटम. नवशिक्याला वाटतं आयटम म्हणजे नुसता मजकूर. तसं नाही. गल्ल्याच्या टेबलाला जसे खण असतात, तसे एका आयटमला बरेच खण असतात, आणि प्रत्येक खणाला नंबर असतो. क्यूटी या खणाला रोल म्हणतो. शून्य नंबरच्या खणात दिसणारा मजकूर. तीन नंबरमध्ये टूलटिप, म्हणजे माऊस वर नेला की उघडणारी छोटी चिठ्ठी. आठमध्ये मागचा रंग, नऊमध्ये अक्षरांचा रंग. असे सुरुवातीचे खण क्यूटीने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेत. २५६ नंबरपासून पुढचे खण तुमचे. त्या २५६ चं नाव यूजररोल. त्यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं, क्यूटी त्यात डोकावत नाही आणि स्क्रीनवरही दाखवत नाही.

आपला खा. पा. रकाना तो हाच.

आता कामाचा क्रम. डेटाबेसमधून एक गिऱ्हाईक वाचलं की नाव आणि रक्कम घालून आयटम बनवा. मग त्या आयटमवर सेटडेटा हे फंक्शन बोलवा. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: कोणता खण आणि त्यात काय. खण यूजररोल, आणि त्यात गिऱ्हाइकाचा खाते नंबर. मग सेटफोरग्राउंड बोलवून अक्षरांचा रंग द्या आणि आयटम यादीत टाका. कुणी ओळीवर क्लिक केलं की आयटमक्लिक्ड नावाचा सिग्नल येतो आणि तो आयटमच तुमच्या हातात देतो. त्या आयटमला डेटा हे फंक्शन लावून यूजररोलचा खण उघडा. खाते नंबर मिळाला. त्या नंबरने डेटाबेसमध्ये जा. दिसणारा मजकूर वाचायचाच नाही.

जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची एक अडचण नेहमी येते. पायक्यूटी ६ मध्ये नुसतं क्यूटी डॉट यूजररोल लिहिलं तर एरर येतो. मध्ये आयटमडेटारोल घालून पूर्ण नाव लिहावं लागतं. तुमचं काही चुकलेलं नसतं, नियम बदललाय.

मजकूर तोडून का चालत नाही

नावाचा घोळ तर सांगितलाच. रक्कम तोडून काढायला गेलात तर वेगळीच गंमत. पायथनचं इंट हे फंक्शन देवनागरी आकडे बिनबोभाट समजतं, "१२५००" दिलं तर बरोबर साडेबारा हजार धरतं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण त्याच आकड्यात आपण वाचायला बरं म्हणून स्वल्पविराम घातला, "१२,५००" केलं, की ते तिथेच आडवं पडतं. म्हणजे यादी सुंदर करायला जावं तर हिशोब बिघडतो. आणि एखाद्याच्या नावातच डॅश असला तर तुकडे दोनाऐवजी तीन.

दुसरा एक जुगाड मी बऱ्याच जणांच्या कोडमध्ये बघतो. यादीत नावं एका क्रमाने टाकायची आणि खाते नंबरांची वेगळी पायथन लिस्ट त्याच क्रमाने ठेवायची. पाचव्या ओळीवर क्लिक झालं की लिस्टमधला पाचवा नंबर उचलायचा. यादी हलत नाही तोवर हे चालतं. ज्या दिवशी तुम्ही नावाप्रमाणे क्रम लावायचं बटण देता, त्या दिवशी स्क्रीनवरच्या ओळी हलतात आणि मागची लिस्ट तशीच राहते. मग पाचव्या ओळीवर एक माणूस, हिशोबात दुसरा. आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही, एरर येत नाही, सगळं मजेत चालू. नाव आणि नंबर एकाच आयटममध्ये असले तर ओळ कुठेही हलवा, नंबर तिच्याबरोबरच जातो.

खणात किती भरायचं?

मला पहिल्यांदा हा खण सापडला तेव्हा मी त्यात गिऱ्हाइकाचं अख्खं बिऱ्हाड भरलं. नाव, गाव, मोबाईल, बाकी, तारीख, सगळं एका डिक्शनरीत. हेही नको. आत गेलेली डिक्शनरी बाहेर काढताना तिची नक्कल मिळते असा अनुभव येतो. दुसऱ्या खिडकीत तुम्ही रक्कम बदलली तरी यादीच्या खणात जुनीच पडून राहते. एकाच माणसाच्या बाकीचे दोन आकडे झाले, की कोणता खरा हे कुणालाच सांगता येत नाही. खणात फक्त खाते नंबर ठेवा. बाकीचं डेटाबेसमध्ये, एकाच ठिकाणी. एसक्यूलाइट पायथनसोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही आणि नेटही लागत नाही. राजूर-भंडारदऱ्याकडच्या दुकानदारांना याचं महत्त्व सांगायला नको, पावसाळ्यात तिकडे नेट म्हणजे नशिबाचा खेळ.

खाते नंबर म्हणून मोबाईल नंबर वापरू नका. लोक सिम बदलतात, आणि एका घरात बाप-लेक-सून एकच नंबर सांगतात. साधा १, २, ३ असा डेटाबेसने दिलेला नंबर घ्या. त्यातही एक खोच आहे: एसक्यूलाइटमध्ये साधा इंटिजर प्रायमरी की ठेवला आणि शेवटचं खातं डिलीट केलं, तर तोच नंबर पुढच्या नव्या माणसाला मिळू शकतो. ऑटोइन्क्रिमेंट लिहिलं तर मिळत नाही. माझं मत विचाराल तर खातं डिलीटच करू नये, "बंद" असा शेरा मारावा. जुन्या खतावणीतलं पान कुणी फाडत होतं का?

आणि कधी खण उघडला आणि आत काहीच नसेल, म्हणजे नन मिळालं, तर प्रोग्रामने तिथेच थांबून "खातं सापडलं नाही" म्हणावं. कित्येक जण तिथे शून्य धरून पुढे जातात. शून्य नंबरच्या खात्यावर पैसे जमा करणारा प्रोग्राम मी डोळ्यांनी बघितलाय.

आता रंगाकडे येऊ

औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण सगळ्यांनी बघितलाय. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ही रंगांची उतरंड ठरवून दिलेली आहे. ज्याला लेबल वाचता येत नाही त्यालाही लाल बघून जपून राहायचं कळतं. पण बिल करताना आपण त्रिकोण लिहीत नाही, बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहितो. रंग डोळ्यांसाठी, नंबर हिशोबासाठी. आपल्या यादीतही तसंच. म्हणून "ज्या ओळी लाल आहेत त्यांना मेसेज पाठव" असा कोड लिहू नका. आयटमचा रंग वाचून निर्णय घेणारा कोड हा त्रिकोण बघून बिल करणारा दुकानदार. उद्या तुम्हाला लाल फार भडक वाटला आणि तुम्ही तो थोडा विटकरी केला, की मेसेज जायचे बंद.

डेटाबेसमध्ये रंग साठवूही नका. तारीख साठवा. रंग आज लाल आहे की नाही हे आजच्या तारखेवर ठरतं, ते प्रोग्राम उघडल्यावर दरवेळी नव्याने काढायचं. एकदा लाल म्हणून साठवलं की माणसाने पैसे भरल्यावर तो लाल पुसायचं कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, आणि ते कुणी ठेवत नाही. तारीख २०२५-०६-१५ अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने ठेवली तर मजकूर म्हणून लावली तरी क्रम बरोबर लागतो. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा.

पण कोणती तारीख? इथे सॉफ्टवेअर विकणारे चुकतात, कारण त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांशी व्यवहार केलेला नसतो. तयार प्रोग्राममध्ये बिलाला ३० दिवस झाले की पिवळा, ९० झाले की लाल असं ठोकून बसवलेलं असतं. आपल्याकडे दुधावाला दहा दिवसांच्या पगारावर पैसे देतो. राजूरकडचा भातवाला दिवाळीच्या पुढेमागे भात निघाल्यावर. प्रवरेच्या काठचा ऊसवाला ऊस तुटून त्याचं बिल जमा झाल्यावर. कायद्याने, म्हणजे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने, ते १४ दिवसांत मिळायला हवं. प्रत्यक्षात किती दिवसांत हातात पडतं ते ज्याने ऊस घातलाय त्याला विचारा. जूनमध्ये भाताचं खत नेलेल्या माणसाला सप्टेंबरमध्ये लाल करणारा प्रोग्राम अडाणी आहे. त्याने दिवाळीनंतरचा वायदा केलाय, आणि तो वायदा तुम्हीच मान्य केलाय.

म्हणून माझ्या डेटाबेसमध्ये बिलाच्या तारखेशेजारी वायद्याची तारीख असते. उधार देतानाच विचारायचं, कधी देणार, आणि त्याच्यासमोर टाइप करायचं. वायदा पुढे असेल तर काळा. वायदा उलटून महिना झाला नसेल तर नारिंगी. त्यापुढे लाल. आणि एक चौथा रंग मी नंतर घातला, जांभळा: बिलाला अडीच वर्षं झालेली खाती. कारण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायला साधारण तीन वर्षं मिळतात. त्याआधी गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, तर मुदत तिथून नव्याने मोजतात. कोर्टात जायची हौस कुणालाच नसते, मलाही नाही. पण जांभळं नाव दिसलं की मी स्वतः जाऊन भेटतो, चहा घेतो आणि बाकीच्या कागदावर सही घेऊन येतो. मोठी रक्कम असेल तर आधी वकिलाला विचारा, मुदत कधीपासून धरायची हे व्यवहारावर ठरतं.

रंगाच्या चार बारीक गोष्टी, ज्यांत माझे बरेच तास गेले. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दुकानाच्या उजेडात दिसत नाहीत. पिवळा हवा तर सेटबॅकग्राउंडने मागे फिकट पिवळा द्या आणि अक्षरं काळी ठेवा. ओळ निवडली की ती निळी होते आणि तुमचा लाल त्यात गायब होतो, हा बिघाड नव्हे, निवडलेल्या ओळीचा रंग वेगळा ठरलेला असतो. यादीतल्या आयटमला स्टाइलशीटने रंग दिला असेल तर सेटफोरग्राउंडचा रंग दिसेनासा होऊ शकतो. मी या एकाच कारणासाठी अख्खा रविवार घालवलाय. आणि नुसत्या रंगावर विसंबू नका, ओळीत "थकीत" असा शब्दही टाका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक असतात, त्यात पुरुष जास्त, आणि कित्येकांना स्वतःलाच ते माहीत नसतं. शिवाय यादी थर्मल प्रिंटरवर काढलीत तर सगळेच काळे.

नावाशेजारी गाव दिसू द्या, टूलटिपच्या खणात मोबाईल नंबर टाका. खाते नंबरामुळे प्रोग्राम फसणार नाही, पण काउंटरवरचं पोरगं माणूस आहे, त्याला वीरगाव आणि कळस डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

क्यूटी वापरत नसाल तर थोडक्यात. पायथनबरोबर येणाऱ्या टीकेइंटरच्या साध्या लिस्टबॉक्समध्ये ओळीला रंग देता येतो, पण मागचा खण नाही. तिथे ट्रीव्ह्यू घ्या, त्यात प्रत्येक ओळीला स्वतःचा आयडी असतो आणि टॅग लावून रंगही मिळतो. सी शार्पच्या विंडोज फॉर्म्समध्ये लिस्टव्ह्यूच्या आयटमला फोरकलर आणि टॅग दोन्ही आहेत. ज्यांनी पूर्वी व्हीबी ६ केलंय त्यांना लिस्टबॉक्सचं आयटमडेटा आठवत असेल, कल्पना तीच, फक्त त्यात नुसता आकडा बसायचा आणि ओळीला वेगळा रंग नव्हता.

शेवटचं, आणि हे कोडिंगचं नाही. प्रोग्राम नवा होता तेव्हा मी कौतुकाने स्क्रीन काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवली होती. बिल करताना लोकांना दिसावं म्हणून. एकदा एक बाई युरिया न्यायला आल्या आणि माझ्या मागे बिल निघेपर्यंत यादी वाचत राहिल्या. त्यांच्या गावच्या चौघांची नावं लाल होती. मी स्क्रीन वळवली तोवर त्यांनी वाचून झालं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या लक्षात आलं की आपण चार घरांची बाकी चव्हाट्यावर मांडली. त्याच रात्री बदल केला: काउंटरच्या खिडकीत सगळी नावं काळी, शेजारी फक्त खाते उघडायचं बटण. रंग दिसतात ते मालकाच्या खिडकीत, पासवर्ड टाकल्यावर. खाते नंबर दोन्हीकडे तोच असल्यामुळे बाकी कोडमध्ये एकही ओळ बदलावी लागली नाही. पुढच्या व्हिडिओत ही दोन खिडक्यांची मांडणी करून दाखवतो. तोवर तुमच्या यादीत सारख्या नावाची दोन खाती मुद्दाम घाला आणि एकावर पैसे जमा करून बघा.